सोळाशे सालचे पहिले तीन महिने

पाडव्याला माझं पहिलं पुस्तक येणार होतं, आणि आठ दिवस आधी त्यातली एक पावाची भट्टी मला छळायला लागली.

मी मोडी वाचते. गेली पंचवीस वर्षं मी जुने कागद वाचून इतरांच्या पुस्तकांना पुरवले, त्यांच्या तारखा तपासून दिल्या. शनिवार पेठेतल्या एका प्रकाशकांनी ‘एका राज्याचं एक वर्ष’ अशी माला काढली, तेव्हा स्कॉटलंडचं सन १६०० माझ्याकडे आलं. मोडीशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यांना जुन्या कागदांची सवय असलेलं माणूस हवं होतं. इंग्रजीत छापलेले त्या वर्षीचे हुकूम, अर्ज, पत्रं निवडून मी मराठीत आणली आणि तारखेनुसार लावली. त्या काळी तिकडे वर्ष पंचवीस मार्चला सुरू व्हायचं. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही; आपलंही साधारण तेव्हाच बदलतं. म्हणून जानेवारी ते मार्चचे कागद मी पुस्तकाच्या शेवटी टाकले.

त्यात एका लहान गावातल्या विधवेचे दोन कागद होते. जूनमधला: नवऱ्याची पावाची भट्टी चालवायला तिला परवानगी. फेब्रुवारीतला: भट्टी चालवू द्या, असा तिचा अर्ज. म्हणजे मिळाली, गेली, पुन्हा मागावी लागली. प्रस्तावना मी त्यावरच संपवली होती: वर्ष सरताना बाई पुन्हा दारात उभी. सगळ्यांना तो शेवट फार आवडला होता.

शेवटचं प्रूफ नवऱ्याने वाचलं. तो इंजिनिअर आहे, पुस्तकही यंत्रासारखं तपासतो.

“अगं, परवानगी काढून घेतल्याचा कागद कुठाय?”

“हरवला असेल. चारशे वर्षं झाली.”

“नेमका तेवढाच?”

त्यानंतर मला बसवेना. मंडईत जाऊन घेवडा आणला, तर फ्रिजमध्ये कालचा घेवडा तसाच. निवडायला घेतला, अर्ध्यावर सोडला. प्रूफ काढलं, ठेवलं, एक कपाट आवरलं, पुन्हा काढलं. संध्याकाळी पहिल्याच प्रकरणातल्या एका तळटिपेवर बोट थांबलं. आदल्या डिसेंबरचा राजाचा हुकूम: येत्या सोळाशे सालापासून वर्ष एक जानेवारीला सुरू झालं असं धरावं. अनुवाद माझा. टीपही माझीच.

म्हणजे फेब्रुवारी आधी, जून नंतर. बाईने मागितलं आणि तिला मिळालं. तिची भट्टी कोणी काढून घेतलीच नव्हती. घेतली होती ती मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशकांसमोर जाऊन उभी राहिले आणि झालेली चूक सांगितली.

“शुद्धिपत्र चिकटवू,” ते म्हणाले.

“शेवटची चाळीस पानं पुढे न्यायची आहेत. प्रस्तावना बदलायची आहे. शुद्धिपत्रात काय लिहू, पुस्तक शेवटाकडून वाचावे?”

“अहो बाई, उद्या छपाईला जातंय. पत्रिका वाटून झाल्यात. स्कॉटलंडची तारीख पाहतंय कोण?”

“इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तारखा मी लाल शाईने खोडल्या. ती सगळी मंडळी पहिल्या दोन रांगांत बसणार आहेत.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही ती मंडळी चांगली ठाऊक होती.

“किती दिवस?”

“पंधरा.”

“मग पाडवा गेला. तुमच्या त्या राजाचं वर्ष जानेवारीत सुरू होतं ना? आपणही जानेवारीतच काढू.”

मला वाटलं, टोमणा आहे. पण त्यांची पुढची पुस्तकं रांगेत लागलेली होती. ते खरंच बोलत होते. दहा महिने लोक विचारत राहिले, पुस्तक कुठं अडलं? मी सांगायचे, जानेवारीत. कारण सांगितलं की हसायचे.

पुस्तक जानेवारीत आलं. प्रस्तावना आता अशी संपते: जूनमध्ये तिला परवानगी मिळाली, त्यापुढचा कागद नाही. हा शेवट कोणालाच विशेष आवडलेला नाही.