कर्वेनगरचा सतत एंगेज फोन

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण आजही लख्ख आठवतं ते कर्वेनगरातलं एक प्रकरण. त्यात ना रक्त होतं ना हत्यार. एक टेलिफोन होता आणि एक कॉम्प्युटर.

इंटरनेट घरोघरी यायच्या आधीचा तो काळ. मी उपनिरीक्षक होतो. ठाण्यात टपालाने एक निनावी अर्ज आला, छापील, इंग्रजीत, व्याकरणाची एकही चूक नसलेला. अमुक गृहस्थांचा फोन दिवसभर एंगेज असतो, त्यावरून अनोळखी माणसं गुप्त निरोप ठेवतात, चौकशी व्हावी. खाली नंबर होता. हवालदारांनी तो तासभर फिरवला. शेवटी लागला आणि त्यांनी रिसीव्हर हातभर लांब धरला. आतून कर्कश किंकाळी येत होती.

"साहेब, हे आपल्या देशातलं नाही," ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं, हे कबूल करतो.

डायरीला नोंद करून, दोन पंच घेऊन आम्ही दुपारी पोचलो. गृहस्थ एका कारखान्यात इंजिनिअर, त्या दिवशी रजेवर. त्यांची पत्नी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्या टेबलाशी पेपर तपासत होत्या. पोलीस दिसले की माणूस गप्प होतो. हे गृहस्थ मात्र खूश झाले. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि उत्साहाने समजावलं, की हा 'बुलेटिन बोर्ड' आहे. लोक आपल्या कॉम्प्युटरवरून इथे फोन लावतात, निरोप वाचतात, लिहितात; फोनवरची ती किंकाळी म्हणजे कॉम्प्युटरचं बोलणं. एका वेळी एकच जण. मी सभासदांची नावं विचारली. सुलतान, बिच्छू, डेंजर. माझा हात डायरीकडे गेला.

ही टोपणनावं निघाली. बिच्छू म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांचा ताजा गुप्त निरोप असा होता, की कुंडीतल्या कढीपत्त्याची वाढ खुंटली आहे, उपाय सुचवा. सुलतानने आंबट ताक घालायला सांगितलं होतं.

तरी अर्ज आला होता, आणि तपास होईपर्यंत मशीन जप्त करणं भाग होतं. तसं म्हणताच गृहस्थांचा चेहरा उतरला. "ऑफिसात माझं कोणी ऐकत नाही हो," ते म्हणाले. "इथे माणसं आपण होऊन येतात." मला वाईट वाटलं, पण कायद्यात वाईट वाटण्याचं कलम नाही.

पंचनाम्याला जोडायला मी सभासदांची यादी छापून मागितली. कागद बाहेर आला तसा मी खिशातला अर्ज काढला. प्रिंटरची अक्षरांचे ठिपके उठवणारी एक पिन मोडलेली होती, त्यामुळे प्रत्येक ओळीतून एक बारीक पांढरी रेघ जात होती. अर्जातही तीच रेघ, त्याच जागी.

हा अर्ज याच घरातून आला आहे, असं मी जाहीर केलं. बाईंनी लाल पेन खाली ठेवलं.

"मीच लिहिला. हे मशीन एकाच वेळी दोन कामं करतं, असं यांनीच सोसायटीभर सांगितलंय. स्क्रीनवरच्या एका खिडकीत यांचा बिच्छू होता, दुसरीत मी."

मग त्याच आवाजात त्यांनी पुढचं सांगितलं. त्यांचे वडील लोणी काळभोरला घरात पडले, मांडीचं हाड मोडलं. बहीण दिवसभर फोन लावत होती. बाईंना कळलं दुसऱ्या दिवशी, गावाकडून आलेल्या भाजीवाल्याकडून.

"आपण यांच्याशी बोलला नाहीत?" मी विचारलं.

"बोलले. हे म्हणाले, बोर्डावर लिही, सवडीने वाचतो."

गृहस्थ खाली बघत होते. हवालदारही खाली बघत होते.

गुन्हा कुठलाच नव्हता. मशीन तिथेच राहिलं. बोर्ड फक्त दुपारी चालेल, एरवी फोन मोकळा राहील, असं मी लिहून घेतलं. गृहस्थांनी निमूट सही केली. बाईंनी कागद वाचून माझ्या दोन चुका लाल पेनने दुरुस्त केल्या.

घरातल्या माणसाला घरातलं गाऱ्हाणं टपालाने पोलिसांकडे पाठवावं लागतं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. ठाण्यात परतल्यावर मी टोपी काढली आणि कितीतरी महिन्यांनी, काही काम नसताना, घरी फोन लावला.

पत्नीने उचलला. माझा आवाज तिने ओळखला.

"चुकून लागला का?" तिने विचारलं.