आईचा चार फुटी फोटो

छपाईच्या दुकानात तिला सगळे ताईच म्हणत. फोटो कितीही मोठा करा, नसलेलं घालायचं नाही आणि असलेलं पुसायचं नाही, हा तिचा हेका. नवं सॉफ्टवेअर बोटभर फोटो क्षणात भिंतीएवढा करी, पण कमी पडेल ते अंदाजाने भरी. अंदाज कसला, थापा मारतं मेलं, असं म्हणत ती चेहरे हातानेच नीट करत बसे. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे!

आई गेल्यावर धाकट्या भावाने आईचा फोटो पाठवला. बैठकीत लावायला चार फुटी हवा होता. फोटो केवढा, तर पोस्टाच्या तिकिटाएवढा, तोही पार खांद्यापाशी कापलेला. मूळ फोटो दे, असं तिने परोपरीने विनवलं. जुन्या फोनबरोबर तो गेला, असं भाऊ म्हणाला. कडेवर खेळवलेला भाऊ, तो कशाला खोटं बोलेल?

आठ दिवस तिने डोळे फोडले. थोडा मोठा करायचा, नमुन्याची पट्टी छापायची, सहा पावलं मागे जाऊन बघायची, पुन्हा बसायचं. आईची नजर जमली तेव्हा बाई एकटीच हसली. मग ती खांद्याशी आली. पदराची चुणी वाटत होती, तिथे बोटं निघाली. एकाचं नख मधोमध दुभंगलेलं. कागद कापायच्या यंत्रात सापडलेलं तिचंच नख ते! शेवटी शेवटी आईला धड बसवत नव्हतं. फोटो काढताना ताईच मागून धरून उभी होती.

भाऊ आला तेव्हा तिने बोटं दिसणारी पट्टी पुढे केली. तेवढं पुसून टाक, म्हणाला, अगदी सहज. फ्रेमचा नमुना दाखवायला त्याने फोन काढला आणि चाळता चाळता तोच फोटो समोर आला. अख्खा. आई, आणि मागे ताई.

"हा तर आहे तुझ्याकडे," ती म्हणाली.

"बैठकीत लोक येतात गं," तो फोनकडे बघत म्हणाला. "आईचं सगळं मीच केलं, असं सांगितलंय त्यांना."

"हात काढला तर आई पडेल."

"फोटोत कोण पडतं, ताई?"

तिने हात पुसला नाही. दुभंगल्या नखासकट लख्ख छापून दिला.

महिन्याने ती भावाकडे गेली. फोटो बैठकीत होता. फ्रेमची पट्टी तीन बाजूंनी दोन बोटं रुंद आणि खांद्याच्या बाजूला चांगली वीतभर. हात लाकडाखाली गेला होता. आई मात्र अजून त्याच बाजूला कललेली होती.