मंजुरीसाठी एक लेख

आई गेली त्या उन्हाळ्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मला काही वाटत नसे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. उलट कामं फार सुरळीत व्हायची. बडोद्याच्या वासणा भागातल्या फ्लॅटमधून सकाळी साडेसहाला स्कूटी काढायची, जुन्या शहरातल्या आमच्या शाळेत पोचायचं, नववी-दहावीला मराठी शिकवायचं, दुपारी घरी येऊन वह्या तपासायच्या. डोळ्यांत पाणी नाही, की कुणावर चिडणं नाही. शेजारच्या बेन कौतुकाने म्हणायच्या, "तमे बहु हिंमतवाळा छो." मी मान हलवायचे. हिंमत वगैरे काही नव्हती. दात काढायच्या आधी गाल बधिर करतात, तसं होतं एवढंच.

बडोद्याला मराठी माणसं दोन प्रकारची. एक आमच्यासारखी, ज्यांचे आजोबा संस्थानात कारकून होते आणि जी त्यावर अजून जगतात. दुसरी रेल्वे, रिफायनरी आणि कारखान्यांच्या निमित्ताने खानदेशातून, विदर्भातून आलेली. आमच्यासारख्यांची मुलं कधीच इंग्रजी माध्यमात गेली होती. मराठी माध्यमाचे वर्ग चालत होते ते दुसऱ्या प्रकारच्या लोकांच्या जिवावर, आणि तिथे शिकवत होतो आम्ही पहिल्या प्रकारचे. हे कुणी बोलून दाखवत नसे.

माझ्या नववीत अकरा मुलं होती. सगळी एकच निबंध लिहायची. म्हणजे अक्षरशः एकच, कारण गाइड एकच होतं. 'माझा आवडता ऋतू' या विषयावर अकरा जणांनी कोकणातल्या नारळी-पोफळींचं वर्णन केलं होतं. त्यातल्या एकानेही कोकण पाहिलं नव्हतं. एरवी मी ओरडले असते. त्या वर्षी फक्त सही केली आणि वह्या परत दिल्या.

मग शाळेत ब्लॉग आला. ब्लॉग हा शब्द वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत नुकता दिसू लागला होता. वरच्या मजल्यावर संस्थेचंच इंग्रजी माध्यम होतं, त्यांच्याकडे संगणकाची खोली होती. शनिवारी त्यांची मुलं लवकर सुटली की ती दोन तास आम्हाला मिळायची. मीच अर्ज केला होता. का केला, आठवत नाही. बहुधा शनिवारी घरी लवकर जायचं नव्हतं. मुलं कागदावर लिहून आणायची आणि आळीपाळीने टाइप करायची. 'ज्ञ' कसा उमटवायचा यात आमचे दोन शनिवार गेले. लेख टाइप झाला की तो माझ्याकडे मंजुरीसाठी यायचा. मी बटण दाबलं की जगाला दिसायचा. दाबलं नाही तर लिहिणारा आणि मी सोडून कुणालाही दिसायचा नाही. मुलांना हा नियम पहिल्याच दिवशी पाठ झाला होता.

गाइडमधली कोकणं थांबावीत म्हणून मी एक पद्धत काढली. दर आठवड्याला एक वादाचा विषय. प्रत्येकाने हात वर करून सांगायचं, आपल्याला काय पटतं. मग ज्याला जे पटतं, त्याच्या नेमकं विरुद्ध त्याने लिहायचं. उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, एकाऐवजी दोन दिवस सुट्टी असावी, असा पहिला विषय होता. ज्या मुलाची बोटं मांजाने बारा महिने कापलेली असायची, त्याला पतंगाविरुद्ध लिहावं लागलं. त्याने तारांत अडकलेल्या कबुतरांवर दीड पान लिहिलं. गाइडमध्ये ते नव्हतं, त्यामुळे बिचाऱ्याला स्वतःच लिहावं लागलं.

आणखी एक नियम होता. 'मला वाटतं' हे दोन शब्द लिहायचे नाहीत. वाटणं हा मुद्दा नसतो, असं मी सांगायचे. वहीत कुठे 'मला वाटतं' दिसलं की लाल गोल करायचा आणि एक गुण कापायचा. नियम बरा होता, लिखाण खरंच सुधारलं. पण ज्या बाईला स्वतःला काही वाटत नव्हतं, तिला तो सोयीचाही होता. हे मला तेव्हा कळलं नाही.

त्या वर्गात रिफायनरीतल्या एका फिटरची मुलगी होती. माणसं मूळची जळगावकडची. दिवाळीपर्यंत ती तीन ओळींच्या वर लिहीत नसे. ब्लॉगवर तिचा पहिला लेख आला, नवरात्रात शाळा उशिरा भरवू नये असा. स्वतः नऊच्या नऊ रात्री गरबा खेळणारी मुलगी. त्याखाली तिच्या मामाने जळगावच्या सायबर कॅफेतून प्रतिक्रिया लिहिली, 'शाब्बास बेटा. पण मुद्दा तीन पटला नाही.' दुसऱ्या दिवशी ती मुद्दा तीन सुधारून घेऊन आली. मग थांबलीच नाही. दर शनिवारी दोन पानं, कधी तीन. तिच्या वाक्यांना धार होती. मी तपासताना पेन बाजूला ठेवायचे, इतकं मला त्या काळात दुसऱ्या कशाचंही झालं नव्हतं.

जानेवारीत शाळेत कुजबुज सुरू झाली की पुढच्या वर्षीपासून मराठी माध्यमाची दहावी बंद होणार. इंग्रजीवाल्यांना खोल्या हव्या होत्या. मी तोच विषय दिला. मराठी माध्यमाचे वर्ग चालू ठेवावेत की नाही? अकराही हात 'चालू ठेवावेत'साठी वर गेले. मी चिठ्ठ्या टाकून सहा जणांना उलट बाजू दिली आणि पाच जणांना, अपवाद म्हणून, स्वतःची. उलट बाजूत तिची चिठ्ठी निघाली.

मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी आली.

"बाई, मला दुसरी बाजू द्या ना. या वेळेपुरती."

"का?"

"दहावी बंद झाली तर पप्पा मला आत्याकडे पाठवणार. अमळनेरला. तिथे मराठीत दहावी होईल म्हणतात. आत्या म्हणते, आली की इथेच राहील, मग पुढचं बघू." 'पुढचं बघू' म्हणजे काय, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. "बाई, मला इथेच शिकायचंय. हेच लिहिते ना मी."

मी म्हणाले, "हा मुद्दा नाही. ही भावना झाली. चिठ्ठी निघाली ती निघाली."

ती "बरं बाई" म्हणून गेली.

शनिवारी तिने जे टाइप केलं, ते आजही मला जवळजवळ पाठ आहे. आमच्या वर्गात अकरा जण आहेत, कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. आम्ही तासाला मराठी आणि मधल्या सुट्टीत गुजराती बोलतो, कारण समोशाच्या लारीवरचा माणूस मराठी बोलत नाही. हजेरी मराठीत घेतात पण हजेरीपत्रक गुजरातीत आहे. जे मोठे लोक सभेत मराठी टिकवा म्हणतात, त्यांची मुलं वरच्या मजल्यावर आहेत. आमच्या बाई फार चांगलं शिकवतात, पण त्यांची भाचीसुद्धा वरच्या मजल्यावर आहे. जो वर्ग स्वतःच्या माणसांना नको आहे तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी का चालवावा?

कुठेही 'मला वाटतं' नाही. एक शब्द फालतू नाही.

मी बटण दाबलं. आणि खाली प्रतिक्रिया लिहिली, 'मुद्दे बिनतोड. यावर उत्तर नाही.' ही माझी सर्वांत मोठी शाबासकी होती, वर्षभरात कुणालाच दिली नव्हती. दुसऱ्या बाजूचे पाच लेख आले ते मराठी ही आपली मायबोली आहे वगैरे. ते मी मंजूर केले आणि विसरले.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. ब्लॉगचा पत्ता मीच आचार्यांना दिला होता. आमच्याकडे मुख्याध्यापकांना गुजराती रिवाजाने आचार्य म्हणत. काही वाटत नसलं तरी मिरवायची हौस शिल्लक असते, हे तेव्हा समजलं. त्यांनी तो पत्ता वार्षिक अहवालात छापला आणि अहवाल संस्थेच्या चिटणिसांकडे गेला.

फेब्रुवारीच्या शेवटी व्यवस्थापनाची बैठक झाली. दुपारची वेळ. चहा आणि खारी. आम्हा मराठी माध्यमाच्या चार शिक्षकांना बोलावलं होतं, आमचं म्हणणं ऐकून घ्यायला. चिटणिसांनी फाइलीतून दोन कागद काढले आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यांचं वाचन छान होतं. कबड्डीला लोक हसले. भाचीच्या वाक्याला कुणी हसलं नाही, सगळ्यांनी चहाच्या कपात बघितलं.

"बाई, तुमचीच विद्यार्थिनी ना ही?"

"हो."

"आणि खालची प्रतिक्रिया? यावर उत्तर नाही, ही?"

"माझीच."

"जुओ, बघा," ते बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "आम्ही काही बोललोच नाही. मुलांनाच नकोय. शिक्षकांनाही पटलंय. बराबर ने?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की हा खेळ होता. हिला चिठ्ठी निघाली होती. हिने हात वर केला होता तो चालू ठेवा म्हणून. वर्ग बंद झाला तर हिला अमळनेरला पाठवणार आहेत आणि ही परत येणार नाही. चार वाक्यं. मराठीची शिक्षिका होते मी, चार वाक्यं मला येत होती. ती ओळीने तयार होऊन तोंडापर्यंत आली. आणि तिथे मी ती तपासली. पहिली तीन म्हणजे सबब आहे, चौथं म्हणजे भावना. मुद्दा एकही नाही.

मी खारी खाल्ली.

शेजारच्या गणिताच्या सरांनी कोपराने ढोसलं, "बोला की." मग सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. पुढे कितीतरी लोकांनी मला समजावलं, की निर्णय आधीच झाला होता, तो कागद नुसतं निमित्त. खरं असेल. पण निमित्त माझ्या वर्गात लिहिलं गेलं होतं आणि त्याखाली माझी पावती होती.

दुसऱ्या दिवशी मुलांना कळलं. तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली. चिटणिसांनी तिचा लेख वाचल्याचं शिपाईकाकांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

"बाई, तुम्ही सांगितलंत ना त्यांना? की मला चिठ्ठी निघाली होती?"

माझ्यासमोर वह्यांचा गठ्ठा होता. मी वरची वही उघडली आणि तपासू लागले. मग तिने टेबलावरचा खडू उचलून फळ्याच्या कट्ट्यावर नीट ठेवला आणि गेली. मला काही वाटलं नाही. म्हणजे, तेव्हा तरी असंच वाटलं.

परीक्षा झाल्या. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी शेवटचा तास होता. वरची खोली आम्हाला त्या दिवशीपर्यंतच मिळाली होती. विषय नव्हता. मी म्हणाले, हवं ते लिहा. बाकीच्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीवर लिहिलं. ती कागद न आणता थेट संगणकापुढे बसली, भराभर टाइप केलं, आणि "येते बाई" म्हणून सगळ्यांच्या आधी निघून गेली. नमस्कार करायला विसरली नाही. मे महिन्यात त्यांचं रिफायनरीचं क्वार्टर रंगवायला काढलं तेव्हा मी त्या बाजूला गेले होते. वडील एकटेच होते. म्हणाले, पोर अमळनेरला पोचली, तिकडचं पाणी मानवलंय.

सगळे गेल्यावर त्या शनिवारी मी मंजुरीची यादी उघडली होती. दहा लेख मंजूर केले. अकरावा तिचा. त्याला शीर्षक नव्हतं. चारच ओळी होत्या.

'मला वाटतं बाईंनी सांगितलं नाही.

मला वाटतं त्यांना सांगता आलं असतं.

मला वाटतं त्यावर उत्तर होतं.

मला वाटतं हा लेख त्या मंजूर करणार नाहीत.'

सवयीने माझा हात लाल पेनाकडे गेला. पडद्यावर पेन चालत नाही. मी पेन हातात धरून बसले आणि मग मला रडू आलं. आई गेल्यावर आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं. खालून शिपाईकाका किल्ल्या वाजवत विचारत होते, "बेन, बंध करूं?"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मराठीचे वर्ग राहिले नाहीत, मीही निवृत्त झाले. तो ब्लॉग मात्र अजून आहे. कबड्डीचा लेख आहे, कबुतरांचा आहे, माझी शाबासकी आहे. मधूनमधून मी पासवर्ड टाकून आत जाते. वरच्या कोपऱ्यात अजून लिहिलेलं असतं, मंजुरीसाठी एक लेख. शेजारी बटण आहे. तिचं तिसरं वाक्य खरं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. चौथंही मी अजून खोटं पाडलेलं नाही.