माणिकबाईचं तळं आणि देवमनचा बैल

सरकारला वऱ्हाडाची काळजी वाटू लागली की माणिकबाईच्या दारात काहीतरी येऊन पडायचं. एका वर्षी जर्सी गाय आली. तिला पंखा लागायचा, आणि घरात पंखा एकच, तोही माणिकबाईच्या नवऱ्याच्या, शालिकरामच्या डोक्यावर. दुसऱ्या वर्षी शेळ्या आल्या आणि पहिल्याच पावसात दगावल्या. मग एका दुष्काळी वर्षी सरकारी साहेबांनी गावात येऊन जाहीर केलं की या भागाचा विकास आता मासे करतील.

गाव मोझरीच्या आश्रमापासून तीन कोसांवर. माणिकबाई रोज सामुदायिक प्रार्थनेला जाणारी, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि वांगी विकणारी. तिच्या घरात कधी अंडंही शिजलं नव्हतं. विकासाने नेमकं तिचंच घर निवडलं, कारण अर्ज तिच्या मुलीने भरला होता. मंजुषा अमरावतीहून प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाली होती आणि तीन वर्षं क्लास लावून सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करत होती. परीक्षा कधी होणार हे क्लासवाल्यांनाही माहीत नव्हतं, पण फी वेळेवर घेत.

तळं खोदलं, त्यात जाड काळं प्लास्टिक अंथरलं, विहिरीचं पाणी भरलं, बोटाएवढी पिल्लं सोडली. साहेबांनी फोटो काढले, आणि पुढेही ते दिसले ते फोटोपुरतेच. शालिकरामने मंजुषाला अट घातली, "पुढच्या दिवाळीपावेतो मासा किलोचा झाला त तू अन् तुयं तळं. नाई त अकोल्याच्या पोराले होकार."

अकोल्याचा मुलगा एका विनाअनुदानित कॉलेजात कारकून होता. नोकरी नऊ वर्षं चालू होती. पगार तेवढा सुरू व्हायचा होता. शिवाय सून घराबाहेर पडलेली त्यांना चालणार नव्हती. माणिकबाईला तेव्हापासून झोप लागेना. रोज सकाळी प्रार्थना झाली की ती नाकाला पदर लावून तळ्यावर जायची, सरकीच्या ढेपेचा चुरा टाकायची आणि माशांना विनवायची, "खा बाप्पा, लवकर वाढा. पोरीचं पाहा जरा."

माशांनी ऐकलं. दुसरा पोळा आला तेव्हा ते हातभर झाले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. त्या दिवशी बैलाला आंघोळ घालायची, खांद्याला लोणी-हळद लावायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं. मंजुषा तळ्याचं पाणी तपासून आणायला अमरावतीला निघाली होती. जाताना सातव्यांदा म्हणाली, "आई, तळ्यात कोनालेच उतरू देऊ नको. प्लास्टिक फाटलं की संपलं."

माणिकबाईने आजवर धुणं घेऊन आलेल्या बायका परतवल्या होत्या, फोटोसाठी पाय बुडवू पाहणारे साहेबही परतवले होते. पण आज शेजारचा देवमन म्हातारा बैल घेऊन बांधावर उभा होता.

"वहिनी, औंदाबी पाऊस नाई. नाला कोरडा, हापशी कोरडी. आज बैल बिनआंघोळीचा ठेवू काय?"

"बादलीनं घ्या ना पाणी, देवमनभाऊ."

"बादलीनं बैल धुतात काय वो? थो काय फटफटी आहे?"

बैल माणिकबाईकडे बघत होता. साहेबाला नाही म्हणणं सोपं. आजच्या दिवशी बैलाला कसं म्हणणार?

"एकच हो. काठाकाठानं."

बैलाने काठावर पाय ठेवला आणि घसरगुंडीवरच्या पोरासारखा थेट तळ्यात गेला. प्लास्टिकवरून त्याला वर येता येईना. आठ माणसांनी दोर लावून ओढला. खूर रोवत तो वर आला आणि प्लास्टिक वरपासून खालपर्यंत फाडत आला.

"काई झालं नाई वो बैलाले!" देवमन आनंदाने ओरडला. सगळ्यांना हायसं वाटलं. माणिकबाईने बैलाच्या खांद्याला लोणी लावलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." रीत ती रीत.

संध्याकाळी मंजुषा आली. पाणी हातभर उतरलं होतं. तिने काठी बुडवून उरलेलं पाणी मोजलं. शालिकराम म्हणाला, "मी त पयलेच म्हटलं होतं." तो काही म्हणाला नव्हता; दोर ओढणाऱ्या आठांत तोही होता.

मंजुषाने अमरावतीचा माशांचा व्यापारी इनायतुल्ला याला फोन लावला. तो म्हणाला, "बेटा, श्रावण हाय. आज-उद्या कोन घेईन? परवा पोळ्याची कर हाय, श्रावण सरला, सारं वऱ्हाड महिनाभराचं उपाशी! परवा सकाळी गाडी आनतो. तोपर्यंत जित्ते ठेव."

पोळ्याच्या दिवशी पाणी गुडघ्यावर आलं. गावात सजलेले बैल तोरणाखाली, ते तोडून पोळा फुटायची वाट बघत उभे होते. चार माणसांत तोंड न उघडणारी माणिकबाई तोरणापुढे जाऊन उभी राहिली.

"काल कोनाकोनाचे हात होते दोराले? घरटी दोन ड्रम पानी टाका तळ्यात. मंग तोडा तोरण."

"आज पोळा आहे, वहिनी! आज बैल गाडीले जुपत नसतात," देवमन म्हणाला.

"मी कुठं बैल जुपा म्हनते?"

अशा रीतीने त्या पोळ्याला वऱ्हाडात प्रथमच बैल झुली पांघरून उभे राहिले आणि माणसांनी गाड्या ओढल्या. देवमन सगळ्यांत पुढे होता. लांबच्या विहिरींतून आणलेलं पाणी फाटक्या तळ्यातून जात राहिलं, पण मासे तगले.

करीच्या सकाळी इनायतुल्लाची गाडी आली. माणिकबाई चिखलात उतरली, नाकाचा पदर सोडून तिने आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात धरला आणि सांबाराच्या टोपलीत टाकला. टोपल्यांमागून टोपल्या भरल्या. इनायतुल्ला म्हणाला, "आठ-नऊशे गिरामचा माल हाय. पुढच्या सालीबी मलेच द्या."

"पन किलो ठरलं होतं," शालिकराम म्हणाला. अटीपुरता शब्दाचा पक्का.

माणिकबाईने त्यातल्या त्यात मोठा कटला मासा उचलला, भाजीच्या तराजूत ठेवला, समोर किलोचं माप टाकलं. माशाचं पारडं जरा वरच राहिलं. वीस वर्षं भाजी विकताना तिने तराजूला कधी बोट लावलं नव्हतं. आज तिचा पदर अंमळ त्या पारड्यावर घसरला, आणि पारडं बसलं.

शालिकरामने पदराकडे बघितलं. मग दोन दिवसांत पहिल्यांदा हसणाऱ्या मंजुषाकडे बघितलं. दोर ओढून सोललेले तळहात त्याने धोतराला पुसले.

"भरला," तो माणिकबाईला म्हणाला. "अकोल्याले तूच सांग. मले नवं प्लास्टिक पाहाले जाचं आहे."