चौपन्न किलोची अट

करुणाचा फोन आला तेव्हा मी संगमनेरच्या माझ्या खेळाच्या सामानाच्या दुकानात एका शाळेसाठी व्हॉलीबॉलची जाळी मोजून देत होतो. "काका, पप्पा गेले. प्रॅक्टिसहून आले, चहा मागितला... मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत संपलं होतं." दुकान तसंच शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून मी नगरची एसटी पकडली. भिंगारमध्ये पोहोचलो तर मधुकरच्या दारात त्याने शिकवलेल्या बॉक्सरांची ही गर्दी. कुणी फौजेत गेलेला, कुणी सुप्याच्या कारखान्यातून पाळी सोडून आलेला. त्यांच्यात उभं राहताना मला मान वर करवत नव्हती. याला आता पाच आठवडे झाले. मान का वर होत नव्हती, हे सांगितल्याशिवाय मधुकरविषयी लिहिलं तर ते खोटं होईल.

आम्ही दोघं नगरच्या कॉलेजात एकत्र बॉक्सिंग शिकलो. दोघंही जिल्ह्यापलीकडे फारसे गेलो नाही. मधुकर लष्करी छावणीत स्टोअरकीपर म्हणून लागला आणि भिंगारमध्ये पत्र्याच्या एका हॉलमध्ये मुलामुलींना शिकवू लागला. मला बोलण्याची हातोटी होती, म्हणून मी लढती ठरवण्याच्या धंद्यात शिरलो. कुस्तीतला शब्द वापरून आम्ही त्याला जोड लावणं म्हणायचो. लोकांना वाटतं, लढत घंटा वाजल्यावर सुरू होते. खरी लढत त्याआधी तीन-चार महिने फोनवर चालते. कोण कुणाशी खेळणार, कुठल्या शहरात, पंच कोण आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे वजन किती. ज्याचं नाव टीव्हीवर चालतं, तो वजन सांगतो. दुसऱ्याने तिथपर्यंत उतरायचं.

करुणा ही मधुकरची एकुलती मुलगी. सत्तावन्न किलोत खेळायची. डावा हात असा चालायचा की समोरचीला तो दिसायच्या आत लागायचा. काही वर्षांपूर्वी तिच्यासाठी मी पुण्यातली एक मोठी लढत आणली. समोर दिल्लीची नावाजलेली मुलगी, टीव्हीवर प्रक्षेपण, रस्त्यारस्त्यांवर पोस्टर. अट एकच होती... चौपन्न किलो.

"तीन किलो?" मधुकर म्हणाला. "तिच्या अंगावर काढायला हाय काय? हाडं कापू का?"

"ती मुलगीही चौपन्नलाच उतरणार आहे."

"ती हाडापेरानं थोराड हाय. आदल्या दिवशी काट्यावर चौपन्न दाखवंल आन् रातभर खाऊन-पिऊन एकोणसाठची होऊन रिंगणात यील. आमची वाळलेली पोर तिच्यापुढं किती टिकंल? लढतीच्या सकाळी दुसरं वजन घ्या म्हनावं. तिनं दोन किलोच्या वर चढायचं न्हाई. हे कबूल आसंल तर मी सही करतो."

आयोजकांनी ते साफ नाकारलं. वर मला ऐकवलं, भिंगारवाले तयार नसतील तर दुसऱ्या तीन मुली रांगेत आहेत. मी दोन दिवस गप्प राहिलो आणि तिसऱ्या दिवशी मधुकरला म्हणालो, "मान्य झालंय त्यांना. कागदावर नाही, पण शब्द दिलाय." असा शब्द कुणीही दिला नव्हता. लढत हातची जाईल, या भीतीने मी माझ्या सर्वांत जुन्या मित्राशी खोटं बोललो. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि सही केली.

वजनाच्या दिवशी पुण्याच्या हॉटेलात करुणा काट्यावर चढली तेव्हा चारशे ग्रॅम जास्त भरले. ते उतरवायला नियमाने एक तास मिळाला. प्लॅस्टिकचं जाकीट घालून ती जिने चढू-उतरू लागली. आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब तिच्या तोंडात नव्हता. मधुकर दर मजल्यावर तिच्या मानेला हात लावून बघत होता. अर्ध्या तासाने त्याने तिला दंडाला धरून थांबवलं.

"आशोक, घाम यायचा थांबलाय."

"थोडंच राहिलंय रे. दीडेकशे ग्रॅम."

"घाम थांबलाय म्हनतोय मी!"

"पप्पा, मी करते," करुणा म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि शब्द जड येत होते. मधुकरने जाकिटाची चेन खाली ओढली. मग मी त्याला सगळ्यांसमोर जे बोललो, ते आजही माझ्या कानात आहे. "तुला स्वतःला मोठ्या रिंगणात कधी उभं राहता आलं नाही. पोरीला तरी राहू दे." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. पाण्याची बाटली तिच्या तोंडाशी धरली. तिने दात आवळून धरले. "पी, बाळा. येक घोट. मंग मला काय म्हनायचं ते म्हन." ती प्यायली... रडत प्यायली, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

मधुकर स्वतः वजनाच्या हॉलमध्ये गेला आणि लढत आमच्या बाजूने रद्द, असं सांगून आला. करुणा दोन दिवस सलाइनवर होती. आणखी ताणलं असतं तर किडनीवर बेतलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आयोजकांनी मात्र खापर प्रशिक्षकावर फोडलं आणि त्यानंतर भिंगारच्या एकाही मुलाला त्यांनी बोलावलं नाही. करुणा आठ महिने वडिलांशी बोलली नाही. माझ्याशी बोलायची. "काका, पप्पांनी माझं वाटोळं केलं हो," असं फोनवर सांगायची आणि मी ऐकून घ्यायचो. मग एके दिवशी ती आपणहून हॉलमध्ये परतली आणि लहान मुलींना शिकवू लागली. जोड लावण्याचा धंदा मी सोडला आणि संगमनेरला दुकान टाकलं. कारण मात्र कुणालाच सांगितलं नाही.

मधुकर जाण्याच्या महिनाभर आधी मी ग्लोव्ह्ज द्यायला भिंगारला गेलो होतो. हॉलच्या पायरीवर आम्ही दोघंच होतो. म्हटलं, आज बोलायचंच. आयोजकांनी शब्द दिलाच नव्हता, हे सांगून टाकलं.

तो ग्लोव्ह्जच्या शिवणी तपासत राहिला. "मला म्हाईत हुतं. कागद दोनदा वाचला हुता मी. दुसऱ्या वजनाची वळच न्हवती त्यात. आन् ती मान्सं शब्दाला जागनारी हायेत व्हय?"

"मग सही का केलीस?"

"पोष्टरवर तिचं नाव बघायचं हुतं मला." त्याने ग्लोव्ह्ज बाजूला ठेवले. "तू खोटं बोललास, म्हंजी मला ते खरं मानायची सोय झाली. करुनाला सांगितलंय मी, माझी चूक किती ती. म्हनून परत आली ती. तुझं न्हाई सांगितलं. तुझं तू सांग."

मी हो म्हणालो आणि संगमनेरला निघून आलो. दर आठवड्याला ठरवत राहिलो, जाऊ, सांगू... आणि मग तो फोन आला.

मधुकरच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या स्मरणाच्या कार्यक्रमाच्या रविवारी सकाळी लवकरच पोहोचलो. करुणा हॉलमध्येच होती. मी उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. संपल्यावर ती म्हणाली, "पप्पांनी आठ महिन्यांत सांगितलं होतं. तुम्हाला इतकी वर्षं लागली?" आणि ती कोपऱ्यातला वजनकाटा पुढे ओढू लागली.

तेवढ्यात मुली आल्या. कुणीतरी पोह्यांचं पातेलं आत आणून ठेवलं. आज कार्यक्रम आहे म्हणून असेल, असं मला वाटलं, पण मुली सवयीने रांगेत बसल्या. करुणाने सांगितलं, पुण्याहून परतल्यावर पप्पांनीच हे सुरू केलं. रविवारी आधी नाश्ता, मग काटा. कोण कुठल्या गटात खेळणार, ते खाल्ल्यावरच्या वजनावर ठरवायचं. तिने एक डिश माझ्याही हातात दिली. चेहरा मात्र निवळला नव्हता. मी मुलींच्या रांगेच्या शेवटी, भिंतीला टेकून बसलो.

एक मुलगी डिश घेऊन तिच्यापाशी आली. "ताई, आणखी घेऊ? गट बदलंल का?"

"बदलू दे," करुणा म्हणाली. "घे तू."