सासऱ्यांची गुळगुळीत भिंत

माझे सासरे गवंडी, त्यातही गिलाव्याचे. भिंतीला भोक दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. स्वतःच्या घरात ते कुणाला साधा खिळा ठोकू देत नाहीत. आमच्या लग्नाचा फोटो तिथं कपाटावर टेकून उभा असायचा. मला हे ठाऊक, कारण आमचा फ्लॅट तयार होईपर्यंत बायको आणि मी त्यांच्याच जिन्याखालच्या खोलीत गादी टाकून झोपत होतो. जावई दोन दिवस गोड लागतो. मी कधीच आंबून गेलो होतो.

आमचा फ्लॅट एका जुन्या गोदामात होत होता. गोदामाच्या मागच्या भिंतीतल्या भोकांत पाकोळ्या दरवर्षी लांबून येऊन घरटी करायच्या, त्यातही नामशेष होत चाललेल्या जातीच्या. तिथं पक्षी मोजायला नेमलेल्या बाईंनी अट घातली: गिलावा करा, पण भोकं उघडी ठेवा. काम नेमकं सासऱ्यांकडे आलं. पाकोळ्या तेव्हा हंगाम संपवून परत गेलेल्या होत्या.

"कोणी राहत नाही तिथं, मग ठेवायची कशाला?" असं पुटपुटत का होईना, त्यांनी बाईंच्या खडूच्या खुणा पाळल्या. एक सोडून. सवयीनं हात फिरला आणि ते भोक बुजलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

भिंतीवरची बांबूंची परांची निघाली, फ्लॅटची चावी आठवड्यावर आली आणि पाकोळ्या परतल्या. सासऱ्यांनी मला ओढतच बघायला नेलं. एकेक पाकोळी भरवेगात येऊन आपल्या भोकात गडप होत होती. एक मात्र गुळगुळीत गिलाव्यावर आपटायची, गिरकी घ्यायची आणि पुन्हा तिथंच आपटायची.

"जावईबापू, हिला कसं हो कळतं, इथंच म्हणून? मी तर खूणसुद्धा ठेवली नाही!"

"बाबा, बाजूचं भोक रिकामं दिसतंय. जाईल तिकडे. तुम्ही गप्प बसा." बाईंना कळलं तर परांची पुन्हा चढणार आणि आमची चावी लांबणार, हे उघड होतं.

"माझ्या घरात इतके दिवस कुरकुरताय," ते वर बघतच म्हणाले, "गेलात का शेजाऱ्यांकडे राहायला?"

मला सणसणीत राग आला.

त्यांनी आपणहून बाईंना सांगितलं. परांची पुन्हा चढली, आणि जन्मभर भिंती बुजवलेल्या माणसानं स्वतःचा गिलावा छिन्नीनं फोडला. परांची उतरली त्या संध्याकाळी पाकोळी आली, एका झेपेत आत शिरली, आणि सगळा राग विसरून मीच ओरडलो, "गेली, बाबा, गेली!"

व्हायचा तेवढा उशीर होऊन चावी मिळाली. पहिल्याच दिवशी बायको लग्नाचा फोटो आणि हातोडा घेऊन झोपायच्या खोलीत शिरली. आता बोलणी बसणार, म्हणून मी दारातच थबकलो. सासरे गोदामाच्या त्याच मागच्या भिंतीला आतून कान लावून उभे होते.

"कुठंही ठोक गं," ते हळूच म्हणाले. "फक्त ही भिंत सोड. आत बिऱ्हाड आहे."