संकेश्वरच्या अलीकडे, एक थेंबही न सांडता

सकाळी साडेसातला अनगोळहून आमचं घर निघालं. घरातून आम्ही निघालो असं नव्हे, घरच निघालं. निवृत्तीनंतर मी एक जुनी व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, शेगडी आणि भांडी घासायला बेसिन बसवलं होतं. निपाणीत लेकीकडे दोन दिवस राहायचं आणि मग कोकणात उतरायचं, असा बेत. शेजारच्या सीटवर सुधा, म्हणजे माझी बायको, नातीचा स्वेटर विणत होती.

या व्हॅनचं इंजिन दोन सीटांच्या मधोमध आहे. त्याचं झाकण उघडायचं म्हणजे दिवाणखान्यातच उघडायचं. मागच्या आठवड्यात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी) भरताना त्यातलं निम्मं मी सुधाच्या नव्या गालिच्यावर ओतलं होतं.

"पुन्हा एक थेंब सांडला तर मी बसनं जाणार," तिने बजावलं होतं. "तुम्ही आणि तुमचं घर या मागनं."

सुधा बोलते ते करते. त्यामुळे उरलेलं कूलंट भरायचं धाडस मला झालंच नाही. टाकी अर्धवटच ठेवून निघालो होतो.

वंटमुरीचा घाट उतरलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मधूनच गुळाचा खमंग वास. संकेश्वर जवळ आलं तसा इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला. तवंदीचा घाट तर अजून पुढेच होता. समोर गुऱ्हाळ दिसलं, तिथे गाडी घेतली. घाईघाईने झाकण उघडून टाकीच्या बुचाला हात घालणार, तोच बाहेरून ओरडा आला.

"ओ अण्णा! हात लावू नगा! भाजून घ्याल की!"

गुऱ्हाळाची मालकीण शांताक्का कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. "आमची कढई उतरल्यावर बी आम्ही तासभर जवळ जात न्हाय. तुमाला लई घाई!"

मग आम्ही तासभर रस प्यायलो. तेवढ्यात गावभर बातमी गेली असावी. एका आजोबांनी पितळी तांब्या आणला, दुसऱ्याने केळीचं पान गुंडाळून नरसाळं केलं, तेही लगेच फाटलं. माझं प्लॅस्टिकचं नरसाळं टाकीच्या तोंडाशी बसतच नव्हतं, वर डॅशबोर्ड आडवा येत होता. सुधाने निपाणीच्या बसची वेळ विचारली.

शांताक्का मात्र आपल्या कामाला लागली होती. काकवी (उसाचा रस आटवून केलेला पातळ गूळ) ती अरुंद तोंडाच्या बाटल्यांत भरत होती. बाटलीत एक काडी उभी धरायची, भांड्याची कड काडीला टेकवायची आणि काडीवरून धार सोडायची. थेंब म्हणून बाहेर नाही.

मी बघत राहिलो आणि मग कपाळावर हात मारला. काचेची कांडी धरून द्रव ओतण्याची हीच रीत मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवताना मुलांना दाखवली होती. तसं न ओतणाऱ्याचे मार्क कापले होते.

सुधाने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या स्वेटरकडे. एक उसासा टाकून तिने बाहीतली स्टीलची सुई सर्रकन उपसली. टाके धडाधड सुटले.

"ओता आता," ती म्हणाली.

इंजिन गार झाल्याची खात्री करून शांताक्कानेच फडकं धरून बूच हळूच फिरवलं. सुधाने सुई टाकीत तिरकी धरली. मी कूलंटच्या डब्याची कड सुईला टेकवली. सुई जराही हलली नाही. हिरवी धार सुईवरून मुकाट खाली उतरली. मागे दहाबारा माणसं माना उंचावून बघत होती.

"निधान, निधान," (सावकाश) शांताक्का पुटपुटत होती. पातळी खालच्या रेघेवर चढली, वरच्या रेघेजवळ आली. "साकु, साकु!" (पुरे) असा गलका झाला. सुधाने गालिच्यावरून तळहात फिरवून पाहिला. कोरडा!

आजोबांनी पितळी तांब्या वाजवला.

तवंदीचा घाट आम्ही न थांबता चढलो. कोकण मात्र राहिलं, कारण निपाणीत दोनाचे चार दिवस झाले. बाही पहिल्यापासून विणावी लागली.

परत आल्यावर अनगोळातल्या शेजाऱ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंत? मी हातवारे करून धार कशी सोडली ते सांगत होतो. सुधाने चहा ठेवता ठेवता म्हटलं, "व्हय, ओतलं ह्यांनीच. तोवर श्वास मात्र मी रोखून धरलेला."

खरं सांगायचं तर कोकण राहिल्याची हळहळ मला अजून वाटलेली नाही. शेजारी उठून गेल्यावर मी सुधाला विचारलं, समजा सांडलं असतं, तर खरंच गेली असतीस बसने?

"गेले असते की," ती म्हणाली. "तुमचंही तिकीट काढून."